भर रस्त्यात कुणावर हल्ला झाला तर मदतीला कोण जातं, पुरुष का बायका? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजातली पोरं-पोरी, बचतगटाच्या बायका, गणपती मंडळाचे कार्यकर्ते, रिक्षावाले, असे सगळेजण, समोर गुन्हा घडताना मदत कशी करायची यावरचं माझं सेशन झाल्यावर आणि नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर मला जे विचारतात त्यातनं हे पान तयार झालंय. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा नीट लिहून ठेवतेय. एका ठिकाणी आलेलं दुसरीकडे परत लिहिलं नाही, तिथं नंबर दिलाय, तो बघा. आणि तुमच्यासमोर आत्ता काही चालू असेल तर वाचत बसू नका, ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावा.

१. बघे म्हणजे नक्की कोण? मी नुसता तिथून चाललो होतो, मी पण त्यात येतो का?

येता. गुन्हा करणारा सोडला, ज्याच्यावर होतोय तो सोडला, बाकी ज्याला ज्याला ते दिसतंय किंवा ऐकू येतंय तो प्रत्येक जण. एसटी स्टँडवर गाडीची वाट बघणारा, सात रस्त्याला सिग्नलला थांबलेला, वरच्या मजल्यावर बसून खालच्या घरातला आरडाओरडा ऐकणारी, सगळे. तिथं तुम्ही मुद्दाम गेला होता का योगायोगानं होता याला काही अर्थ नाही.

२. फिरवू नका, सरळ सांगा. जास्त मदत कोण करतं?

सरळ उत्तर असं की माणूस अनोळखी आहे, जागा रस्त्यावरची आहे, धोका आहे आणि चार लोक बघतायत, असं सगळं जुळून आलं की पुरुष जास्त पुढे होतात. अ‍ॅलिस ईगली आणि मॉरीन क्राउली या दोघींनी १९८६ साली तोपर्यंतचे ढीगभर प्रयोग एकत्र करून हे दाखवलं. पण त्याच दोघींनी हे पण सांगितलं की हे बहुतेक प्रयोग अनोळखी माणसाला पटकन काही मिनिटात केलेल्या मदतीचे होते, म्हणजे जी मदत पुरुषांकडून अपेक्षितच असते तीच मोजली गेली. आजारी शेजारणीकडं महिनाभर डबा नेणं, मार खाऊन आलेल्या बाईला रात्री घरात घेणं, हे कुणी मोजलंच नव्हतं.

मग २००४ साली सेल्विन बेकर आणि ईगली यांनी जीव धोक्यात घालून केलेली मदत तपासली. अमेरिकेत १९०४ पासून कार्नेगी हिरो पदक देतात, बुडणाऱ्याला, आगीत सापडलेल्याला वाचवणाऱ्यांना, त्यात बायका ९ टक्क्यांच्या आसपास. इथं थांबलं तर वाटणार बघा, बायका घाबरट. पण हिटलरच्या काळात ज्यूंना घरात लपवणाऱ्यांत आणि जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बघितलं तर बायका पुरुषांच्या बरोबरीनं, काही ठिकाणी जास्तच. ज्यूंना लपवलेलं सापडलं तर जिवावर बेतायचं, काही ठिकाणी अख्खं घर मरायचं, आणि ही जोखीम एक दिवस नाही, महिनोन्महिने.

म्हणून मला कुणी "जास्त कोण" विचारलं की मी आधी विचारते, मदत म्हणजे तुम्ही काय मोजताय?

३. हे सगळं अमेरिकेतलं झालं. आणि ते मोजलं तरी कसं?

सगळ्यात गाजलेला प्रयोग १९६९ चा, न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतला. पिलियाविन पती-पत्नी आणि जुडिथ रोडिन यांचा. दोन स्टेशनांच्या मध्ये साडेसात मिनिटं गाडी कुठंच थांबत नाही असा टप्पा निवडला आणि डब्यात एक माणूस मुद्दाम कोसळायचा. कधी त्याच्या हातात काठी, कधी अंगाला दारूचा वास आणि हातात बाटली. काठीवाल्याला ६५ पैकी ६२ वेळा आपणहून मदत मिळाली, दारुड्याला ३८ पैकी १९ वेळा. आणि सगळ्यात आधी उठून जाणाऱ्यांत ९० टक्के पुरुष, पडलेल्याच्या आजूबाजूच्या लोकांत पुरुष ६० टक्केच्या आसपास असताना.

आता यातली माझ्या डोक्यात कायम राहिलेली गोष्ट आकड्यांच्या पलीकडची आहे. निरीक्षण करणाऱ्यांनी डब्यातल्या बायका काय बोलत होत्या ते लिहून ठेवलं, आणि त्यातल्या कितीतरी जणी म्हणत होत्या की हे पुरुषांनी करायचं काम आहे, माझ्यात तेवढी ताकद असती तर मी उठले असते. म्हणजे कळवळा नव्हता असं नाही, बसल्या जागी त्यांचा जीव वरखाली होत होता, पण हे आपलं काम नाही हे डोक्यात पक्कं होतं. आपल्या सिटी बसमध्ये कुणी चक्कर येऊन पडलं की बायका काय म्हणतात आठवा, "अहो कुणीतरी गडीमाणूस उठा की". न्यूयॉर्क आणि सोलापूर यात फार अंतर नाही.

पडलेला माणूस आणि हल्ला झालेला माणूस यात फरक आहे हे खरं. त्यासाठी अलीकडचा अभ्यास बघा, २०२० चा. रिचर्ड फिलपॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाऊन या तीन शहरांतल्या सीसीटीव्हीत सापडलेली २१९ खरीखुरी रस्त्यावरची भांडणं तपासली. दहापैकी नऊ भांडणांत कमीत कमी एक तरी बघ्या मध्ये पडलाच. त्यात मारामारी करणंच होतं असं नाही, मध्ये उभं राहणं, हाताला धरून एकाला बाजूला नेणं, शांत करणं हे पण होतं. "हल्ली कुणी कुणासाठी थांबत नाही" हे वाक्य आपण ज्या सहजतेनं बोलतो तेवढं ते खरं नाही.

४. पुरुष अंगावर जातात कारण ते जास्त धाडसी असतात, बरोबर ना?

अर्धंच बरोबर. १९८१ साली टेड ह्यूस्टन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात खऱ्या गुन्ह्यात मध्ये पडलेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या, दरोडा, लूट, मारहाण असल्या प्रसंगांत. जवळपास सगळे पुरुष होते. पण हे पुरुष आणि मध्ये न पडलेली माणसं यांची तुलना केली तर काय निघालं, ते उंच होते, वजनानं जास्त होते आणि मुख्य म्हणजे त्यांनी प्रथमोपचाराचं, बुडणाऱ्याला वाचवण्याचं नाहीतर पोलिसी धाटणीचं ट्रेनिंग घेतलेलं होतं. आपल्याला हे जमेल असं त्यांना आधीच वाटत होतं. दयाळूपणात ते वेगळे होते म्हणून गेले असं काही निघालं नाही.

मग दुसरी गोष्ट, धोका दोघांना सारखा नसतो. पुरुष मध्ये पडला तर मार खाईल, वाईटात वाईट जीव जाईल, हे लहान नाही. बाई मध्ये पडली तर हे सगळं असतंच, वर तिच्या अंगाला हात लागायची भीती, उद्यापासून तोच माणूस तिच्या पाठीमागे लागायची भीती, आणि घरी गेल्यावर "तुला काय नडलं होतं तिथं थांबायचं" हे ऐकायचं. रोज त्याच चौकातून जाणारी बाई हा हिशोब अर्ध्या सेकंदात करते. त्याला भित्रेपणा म्हणणं मला मान्य नाही.

आणि पुरुषांवरचं ओझं पण खरं आहे. "एवढा दांडगा असून बघत बसला" हे पुरुषालाच ऐकावं लागतं. त्या ओझ्यापायी काही पोरं विचार न करता उडी घेतात. २०११ साली मुंबईत अंधेरीला छेडछाडीला विरोध केला म्हणून दोन तरुणांना भोसकलं, दोघंही गेले, आणि आजूबाजूला लोक होते.

५. मग बायका करतात तरी काय? नुसत्या बघत बसतात?

सेशनमध्ये हे कुणी विचारलं की मी अक्कलकोटच्या एसटीतला एक प्रसंग सांगते, समोर बघितलेला. संध्याकाळची गाडी, उभं राहायला जागा नाही. खिडकीशी कॉलेजची पोरगी, शेजारचा माणूस झोप लागल्यासारखं करून तिच्या अंगावर रेलतोय, पोरीनं सॅक मध्ये ठेवलीय, ती छातीशी धरून खिडकीला चिकटलीय. मागच्या सीटवर एक बाई, मांडीवर भाजीची पिशवी. ती पिशवी घेऊन उठली आणि मोठ्यानं म्हणाली, "अगं तू आमच्या शालनची पोरगी न्हवं का? मागं ये की, कवापासून बघायलेय, तुझ्या आईला फोन लावायचाय." पोरगी क्षणभर गोंधळली मग उठून मागे गेली. शालन कोण हे त्या दोघींनाही माहीत नव्हतं. कंडक्टरला कळलं नाही, गाडीतल्या कुणाला कळलं नाही, त्या माणसाला मात्र बरोबर कळलं कारण पुढे अक्कलकोटपर्यंत त्याचे डोळे उघडे होते.

आता सांगा, ही मदत कुठल्या आकड्यात धरणार? कुठल्या पेपरात येणार? बायकांची बरीच मदत अशी असते, ओळख असल्याचं दाखवणं, जाऊन शेजारी उभं राहणं, दुसऱ्याला बोलावणं, फोन लावणं, नंतर तिच्यासोबत चौकीपर्यंत जाणं, दवाखान्यात थांबणं. पुरुषांनी ही पद्धत उचलली तर त्यांचं पण डोकं फुटायचं वाचेल, हे मी मंडळाच्या पोरांना प्रत्येक वेळी सांगते.

६. न्यूयॉर्कच्या किटी जेनोवीजला ३८ लोकांनी मरताना बघितलं आणि कुणी हललं नाही, हे खरं आहे का?

तसं नाही. १३ मार्च १९६४ ला तिचा खून झाला हे खरं, पण ३८ जण खिडकीतून शेवटपर्यंत बघत होते ही पेपरातली बातमी फुगवलेली होती, नंतर त्याच पेपरनं २०१६ मध्ये तसं मान्य केलं. सगळा प्रसंग दिसेल अशा जागी बहुतेक जण नव्हतेच. आणि जी गोष्ट बातमीतून गळली ती ही, की सोफिया फॅरार नावाची शेजारीण हल्लेखोर अजून तिथंच असेल का याची पर्वा न करता खाली धावली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत किटीला कवेत धरून बसली. पन्नास वर्षं जगभरच्या मानसशास्त्राच्या पुस्तकांत "कुणीच आलं नाही" असं छापलं गेलं आणि आली होती एक बाई.

७. गर्दी असली की उलट कुणीच पुढे का होत नाही? यात बायका-पुरुष फरक आहे का?

किटीच्या बातमीवरूनच जॉन डार्ली आणि बिब लाटाने यांनी १९६८ चा प्रयोग केला. पलीकडच्या खोलीत एकाला फिटचा झटका आलाय असं फक्त आवाजावरून कळायचं. आपण एकटेच ऐकतोय असं वाटलं तेव्हा ८५ टक्के लोक झटक्याच्या वेळातच उठून गेले, अजून एक जण ऐकतोय वाटलं तर ६२, अजून चौघं ऐकतायत वाटलं तर ३१. आणि यात बायका आणि पुरुष यांच्यात सांगण्यासारखा फरक आलाच नाही. जबाबदारी वाटली जाते ती सगळ्यांचीच. या प्रयोगात स्वतःला धोका नव्हता हे लक्षात घ्या, म्हणून मला वाटतं बायका-पुरुषांतला फरक मोठा होतो तो धोका आणि प्रेक्षक आले की.

दुसरी बाजू पण आहे. बघे एकमेकांचे ओळखीचे असले तर गर्दी उलट बळ देते, मार्क लेव्हिन यांच्या कामातून हे पुढे आलं. विडी कामगार बायकांच्या वस्तीत एखाद्या घरातून ओरडण्याचा आवाज आला की दहा जणी दारात येऊन उभ्या राहतात, तेच जुळे सोलापुरातल्या नव्या अपार्टमेंटमध्ये शेजारच्या फ्लॅटचं नाव माहीत नसतं. बायका तिथल्या जास्त धीट आणि इथल्या कमी असं नाही, तिथं एकमेकींची नावं माहीत आहेत.

गड्ड्याच्या यात्रेत, एवढ्या गर्दीत काही झालं तर "अरे कुणीतरी या" ओरडू नका. एका माणसाकडं बोट करा, "ओ निळा शर्ट, तुम्ही ११२ लावा, तुम्ही मावशी, हिच्याजवळ थांबा". ज्याच्याकडं बोट गेलं तो हलतोच.

८. पीडित पुरुष असला तर लोक मदत करतात का?

कमी. प्रश्न २ मधल्या १९८६ च्या अभ्यासातच हे दिसलं की बायकांना पुरुषांपेक्षा जास्त मदत मिळते. पुरुषाला कुणी मारत असलं की लोकांना वाटतं बघून घेईल तो, नाहीतर दारूचं भांडण असेल, नाहीतर यानंच काहीतरी केलं असेल. रात्री एमआयडीसीतून शिफ्ट संपवून येणाऱ्या कामगाराला तिघांनी अडवून पगार काढून घेतला तर पलीकडून जाणारा "आपापसातलं असेल" म्हणून गाडी पुढे काढतो. तृतीयपंथी व्यक्तीला मारहाण होताना तर लोक उभं राहून हसतात हे मी स्वतः बघितलंय आणि ते बघून माझं रक्त उकळतं.

ओळखायचं कसं, तर भांडण दोन्ही बाजूनं चाललंय का एकजण फक्त अंग चोरतोय ते बघा. अंग चोरणारा पुरुष असला तरी तो पीडितच आहे.

९. नवरा-बायकोचं भांडण असेल तर मध्ये पडावं का? आपल्यात म्हणतात ना, घरातलं घरात.

लान्स शॉटलंड आणि मार्गारेट स्ट्रॉ यांचा १९७६ चा प्रयोग आहे. एक माणूस एका बाईशी झटापट करतोय आणि बाई ओरडतेय, दोन्ही वेळा प्रसंग तोच. एकदा ती ओरडायची "मी तुला ओळखत नाही", तेव्हा ६५ टक्के लोक मध्ये पडले. दुसऱ्या वेळी ओरडायची "तुझ्याशी लग्न कशाला केलं मी", तेव्हा फक्त १९ टक्के. बाईला लागणारा मार तोच होता. मदत मात्र तिच्या लग्नाकडं बघून ठरली.

म्हणून दोन गोष्टी. तुमच्यावर वेळ आली तर "वाचवा" च्या जोडीला "मी याला ओळखत नाही" हे ओरडा, मुलींना घरी शिकवा. आणि बघणाऱ्यांनी हे गृहीत धरू नका की नवराच असेल. नवरा असला तरी काय झालं? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ नुसार घरातल्या हिंसाचाराची माहिती कुणीही, शेजारी सुद्धा, संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतो आणि चांगल्या हेतूनं दिली असेल तर देणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी कसलीच जबाबदारी येत नाही. बेल वाजवून "वहिनी थोडी साखर आहे का" विचारलं तरी त्या क्षणापुरता हात थांबतो. ते करा, मग फोन करा.

१०. मी मुलगी आहे, एकटी आहे, समोर चार पोरं एका मुलीला त्रास देतायत. मी काय करू?

चौघांच्या अंगावर जाऊ नका. आधी माणसं गोळा करा. जवळ पानटपरी, मेडिकल, रिक्षा स्टॉप काहीही असेल तिथं जाऊन दोघा-तिघांना बरोबर घ्या, ११२ लावा आणि ठिकाण सांगताना खूण सांगा, "पार्क चौकातून चार पुतळ्याकडं जाताना" असं. मग लांबूनच त्या मुलीला हाक मारा, प्रश्न ५ मधल्या मावशीसारखं, तिला तुमच्याकडं चालत येऊ द्या. त्या पोरांशी वाद घालायचाच नाही, बोलायचं फक्त मुलीशी. आणि ती आली की तिला एकटं सोडू नका, घरचं कुणी येईपर्यंत थांबा. बायकांसाठीची १८१ हेल्पलाइन पण आहे, पण प्रसंग चालू असेल तर आधी ११२.

११. मी पुरुष आहे. अनोळखी मुलीला मदत करायला गेलो आणि माझ्यावरच आळ आला तर? गर्दीनं मलाच धरलं तर?

पुरुषांकडून सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे आणि तो बहाणा आहे असं मला वाटत नाही, ही भीती खरी असते. त्यावर उपाय पण साधे आहेत. लांबून आणि मोठ्यानं विचारा, "ताई, काही मदत हवीय का?" म्हणजे आजूबाजूला पण ऐकू जातं. हात लावू नका, ती खाली पडली असेल आणि उठवायचं असेल तर आधी सांगा मग उचला. तिथली एखादी बाई बरोबर घ्या, "मावशी, जरा माझ्यासोबत या". आपल्या गाडीवर बसवून नेण्यापेक्षा रिक्षा थांबवा, बाईला तिच्यासोबत बसवा, तुम्ही मागून या. आणि ११२ चा कॉल तुमच्याच फोनवरून करा, आळ आला तर त्या वेळी तुम्हीच पोलिसांना बोलावलं होतं याची नोंद तुमच्या बाजूनं बोलते.

१२. मी मध्ये पडून एखाद्याला मारलं तर केस माझ्यावर होणार का?

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिच्या कलम ३५ मध्ये स्वतःचंच नाही तर दुसऱ्या कुणाचंही शरीर वाचवण्याचा हक्क दिलाय. पण कलम ३७ मर्यादा घालतं, वाचवायला जेवढं लागतं तेवढंच. कोयता हातातून पडला, माणूस पळायला लागला, त्यानंतर त्याला चौकात धरून तुडवलं तर तो बचाव राहात नाही, तो तुमचा गुन्हा. तुमच्यासमोर गंभीर दखलपात्र गुन्हा झाला तर नागरिक म्हणून त्याला धरून ठेवता येतं, पण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांकडे द्यायचं.

२७ जून २०२३ ला पुण्यात सदाशिव पेठेत एक पोरगा कोयता घेऊन मुलीमागे धावला, बाकीचे बाजूला झाले आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरांनी त्याला अडवलं, त्यातला एक तर आपल्या सोलापूर जिल्ह्यातला. मुलगी वाचली. त्या पोरांचा मला मनापासून अभिमान आहे. तरी मी सेशनमध्ये कुणालाही "असंच करा" म्हणत नाही, कोयत्यासमोर जायचं का नाही हे दुसऱ्यानं सांगायचं नसतं.

१३. पोलीस, साक्ष, कोर्टाच्या तारखा, या झेंगटात कोण पडणार?

आधी एक गैरसमज काढते. "मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देऊ शकत नाहीत असा कायदा आहे" असं सगळे म्हणतात, तो कायदा म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ, २०१९ मध्ये आलेलं, आणि ते फक्त रस्ते अपघातापुरतं आहे. अपघातातल्या जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यानं नाव सांगायची सुद्धा सक्ती नाही. मारहाण, लूट, छेडछाड यात ते कलम लागत नाही. मला वाटतं ते लागायला पाहिजे, पण आज तसं नाही.

तरीपण बाकी आधार आहेत. ११२ ला फोन केला म्हणून तुम्ही आपोआप साक्षीदार होत नाही. जबाबासाठी बोलावलं तर बाई असेल, वय ६० च्या वर किंवा १५ च्या आत असेल, अपंग किंवा आजारी असेल तर पोलिसांनी घरी येऊन जबाब घ्यायचा, चौकीत बोलवायचं नाही, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे पोलीस तपास कसा करायचा ते सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम १७९ मध्ये आहे. हे बायकांना माहीतच नसतं आणि "चौकीची पायरी नको" म्हणून त्या गप्प बसतात. गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, "आमच्या हद्दीत नाही" म्हणून परत पाठवता येत नाही. आणि धमक्या येत असतील तर सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये मंजूर केलेली साक्षीदार संरक्षण योजना आहे, त्यासाठी अर्ज करता येतो.

१४. व्हिडिओ काढणं ही मदत झाली का?

दुसरं कुणी मदत करत असेल आणि तुम्ही लांबून शूट करत असाल तर हो, तो पुरावा आहे. सगळेच शूट करत असतील तर नाही. जून २०२४ मध्ये वसईत एकानं मुलीला पान्यानं मारून मारून संपवलं, भर रस्त्यात, सकाळी, आणि ते आपण सगळ्यांनी बघितलं कारण लोकांनी ते शूट केलं होतं. एक जण अडवायला गेला होता, एकटा पडला.

व्हिडिओ पोलिसांना द्या, नाहीतर पीडितेला द्या आणि काय करायचं ते तिला ठरवू द्या. ग्रुपवर टाकू नका. लैंगिक गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड केली तर न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

१५. बाईच बाईच्या मदतीला येत नाही, हे तर खरं ना?

हे मला पटत नाही आणि अभ्यासातून पण तसं दिसत नाही. "तिचे कपडेच तसे होते", "एवढ्या रात्री कशाला गेली होती" अशा समजुती पुरुषांत बायकांपेक्षा जास्त आढळतात, हे वेगवेगळ्या देशांत परत परत दिसलंय. बाई बोलली की ते आपल्या लक्षात राहतं कारण तिच्याकडून अपेक्षा वेगळी असते. पीडितेला दोष देणारी बाई असते, नक्की असते, आणि बऱ्याचदा तिला असं स्वतःला समजवायचं असतं की मी तशी वागत नाही म्हणून माझ्यावर हे येणार नाही.

१६. लहान मूल असेल तर वेगळं काय?

वेगळं म्हणजे तिथं मर्जीचा प्रश्नच नाही. १८ च्या आतल्या मुला-मुलीवर लैंगिक अत्याचार झालाय किंवा होऊ शकतो हे कळलं तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना सांगणं सक्तीचं आहे, न सांगणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मुलगा असला तरी तेच लागू. सांगणारा स्वतःच लहान असेल तर त्याला ही शिक्षा नाही, म्हणून शाळेतल्या मुलांनी न घाबरता सांगावं. मुलांसाठीच्या १०९८ हेल्पलाइनवर फोन करा.

१७. मी मदतीला गेले आणि तीच म्हणाली, तुम्ही जा, आमचं आम्ही बघू. मग?

तो शेजारी उभा असताना ती दुसरं काय म्हणणार? थोडं लांब जा, पण दिसेल असं थांबा. एकटी सापडली तर दोन वाक्यं बोला, "मी इथंच राहते, कधी पण ये", बस. तिच्याकडून लगेच निर्णय काढून घ्यायचा प्रयत्न करू नका, तक्रारीसाठी मागे लागू नका, उद्या त्याच घरात तिला राहायचंय. पण मार चालूच असेल, जिवाला धोका दिसत असेल, तर तिच्या हो-नाही ची वाट बघायची नाही, ११२.

१८. तेव्हा काहीच करता आलं नाही, मी नुसता उभा राहिलो. आता वेळ गेली का?

नाही गेली. अचानक काही घडलं की शरीर गोठतं, बायकांचं पण आणि पुरुषांचं पण, पुरुष ते बोलून दाखवत नाहीत एवढंच. पीडित व्यक्ती सापडत असेल तर जाऊन सांगा की मी बघितलंय, गरज पडली तर सांगायला येईन, आणि तुमचा नंबर द्या, तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नसताना याचं मोल लई मोठं असतं. जे बघितलं ते लिहून ठेवा, वेळ, जागा, गाडीचा नंबर, कपडे, कोण काय बोललं, कारण आठवडाभरात आठवणी सरमिसळ होतात. आणि समोरच्या दुकानाला कॅमेरा असेल तर मालकाला आजच्या आज भेटा आणि फुटेज काढून ठेवायला सांगा, बऱ्याच कॅमेऱ्यांत थोड्याच दिवसांत जुन्यावर नवीन रेकॉर्ड होतं.